कुठला अशक्तपणा

"मला होत नाही गं, शालन."

आमच्या ह्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून, सगळा जोर लावून हे वाक्य म्हटलं आणि नेमकी तेवढ्यात लाइट गेली.

गिरणीवाल्याच्या घरात नवरा-बायकोला बोलायची जागा म्हणजे गिरणीच. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सोप्यात बसून असायच्या आणि त्यांचे कान म्हातारपणी जास्तच चांगले झाले होते. भिंतीपलीकडं धाकटा दीर प्रल्हाद आणि त्याची बायको रंजना. गिरणी चालू असली की मात्र हातभर अंतरावरच्या माणसाला काही कळायचं नाही. लेकीच्या शिक्षणाचं, भावकीच्या भांडणाचं, मला आलेल्या रागाचं, सगळं आम्ही तिथंच ओरडून बोलायचो. फक्त लाइटचा भरवसा नव्हता.

मोठा आवाज गेला, दगड घरघरत थांबला आणि त्यांचा आवाज तेवढा उघडा पडला. दळणाची वाट बघत बसलेल्या कमलकाकूंनी मान वर केली.

"काय होत नाही म्हणता, रावसाहेब?"

हे पिठानं पांढरे होतेच, त्यात आणखी पांढरे झाले. हातातली पिठाची बुट्टी तशीच. माझ्याकडं असं बघितलं, जसं विहिरीत पडलेला माणूस वर बघतो.

"पोतं उचलायला होत नाही म्हणतायत," मी म्हणाले. "अशक्तपणा आलाय त्यांना."

माझी जीभ पहिल्यापासून डोक्याच्या दोन पावलं पुढं. माहेरी त्यावरनं मार खाल्लाय, सासरी बोलणी खाल्ली. त्या दिवशी मात्र मला वाटलं, चला, कधी नव्हे ती कामाला आली.

"एवढ्या गड्याला अशक्तपणा?" काकू म्हणाल्या.

"गडी झाला तरी माणूसच की."

"ते खरं. माझ्या भावाला पण आला होता. पायाचं सूप द्या म्हणावं."

काकू दळण न घेताच गेल्या. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत सगळ्यांना कळलं होतं, की रावसाहेब गिरणीवाल्याला अशक्तपणा आलाय. तो शब्द घरात आणला कुणी, तर मी.

आता ते तसं का म्हणाले, तेही सांगते. वर्ष होत आलं होतं, आमचे हे रात्री भिंतीकडं तोंड करून झोपत होते. आधी कधीतरी जवळ यायचे, मग मध्येच उठून बाहेर बिडी ओढायला जायचे. पुढं पुढं जवळ यायचंच सोडलं. मी आधी आरशात बघितलं. वय झालं म्हणावं तर लेक आत्ता कुठं बारावी होऊन मामाकडं कॉलेजला गेलेली. मग मी गावातल्या बायका एकेक करून डोळ्यांपुढनं काढल्या. कोण दळणाला जास्त वेळा येते, कुणाचं पीठ हे मुद्दाम बारीक काढून देतात. एकीवर तर माझा पक्का संशय होता. बिचारी देवमाणूस बाई, तिच्या जवारीत मी महिनाभर हलक्यातलं राळं मिसळलं.

त्या दिवशी माझ्या सोसण्याचा कडेलोट झाला. पट्टा फिरत होता, मी त्यांच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "कोण आहे ती? नुसतं नाव सांगा. मी तिला जन्मभर फुकट दळून देते."

त्यावर ते म्हणाले ते वाक्य. आणि लाइट गेली.

परत लाइट आल्यावर, दळण चालू झाल्यावर, ते आपणहून जवळ आले. आधी डोक्यावरच्या बल्बकडं बघितलं.

"दुसरी कोण नाही. तुझ्या गळ्याशप्पथ. इच्छा होती, अंग ऐकत नव्हतं. आता अंग ऐकत नाही म्हणून इच्छापण गेली."

"मग डॉक्टरला दाखवू."

"शालन, आज कमलकाकूपुढं तू निभावून नेलंस. पुन्हा ह्या विषयावर माझं तोंड उघडणार नाही. तू पण उघडायचं नाहीस. शपथ घे."

मी त्यांचा हात हातात घेतला. पिठाचा खरखरीत हात. मला त्या क्षणाला फार बरं वाटत होतं, हेही सांगते. दुसरी कोण नव्हती. एवढ्या आनंदात मी काय वाटेल ती शपथ घेतली असती.

अशक्तपणाचा गावानं ताबा घेतला. आत्याबाईंनी डिंकाचे लाडू वळले, वर रोज दोन अंडी. कुणी खारीक सांगितली, कुणी शतावरी. प्रल्हाद पोती उचलायला यायला लागला आणि येता-जाता थट्टा करायचा, "दादा, वहिनीनं तुला पिळून काढलं बघ." हे हसायचे. हसता हसता त्यांच्या जबड्याची शीर उडायची, ती मला दिसायची.

शेवटी आत्याबाईंनीच आम्हाला शिंत्रे डॉक्टरांकडं पिटाळलं. डॉक्टर गावातले जुने, ह्यांचं नाक वाहत होतं तेव्हापासून औषध देणारे.

"काय रे रावसाहेब, काय होतंय?"

"अशक्तपणा," हे म्हणाले.

"म्हणजे कसं?"

"म्हणजे... अशक्तपणाच."

मी शेजारी बसून साडीच्या काठाचे टाके मोजत होते.

"झोप? भूक? पोट साफ?"

"सगळं ठीक."

"संसार ठीक आहे ना?" डॉक्टरांनी कागदावरनं डोळे न उचलता विचारलं. त्यांना काही सुचलं होतं की नुसती सवय, देव जाणे. दाराला पडदाच होता आणि पडद्याबाहेर निम्मं गाव खोकत बसलं होतं.

"एकदम ठीक," हे म्हणाले.

सलाईन लावलं. दंडात ताकदीचं इंजेक्शन दिलं. एकदा रक्त तपासून घ्या, साखर बघू, बीपी पण जरा जास्त वाटतंय, बिडी कमी कर, असं डॉक्टर म्हणाले. येताना हे मला म्हणाले, "रक्तात काय सापडणार आहे. ही गोष्ट रक्तात नसते." मीही मान हलवली. मला तरी काय माहीत होतं.

त्यात एक होतं, की ते जिना चढताना मध्ये थांबायला लागले होते. डावा खांदा दुखतो म्हणायचे. जन्मभर पोती उचलून खांदा दुखणार नाही तर काय. मी तेल लावून द्यायची.

मग गावची जत्रा आली. पाळण्याच्या मागं, मैदानाच्या टोकाला एक तंबू होता. बाहेर मुळ्या, साली, वाळलेला पाला मांडलेला आणि भोंग्यावर एक माणूस पुरुषांच्या निराशेवर बोलत होता. बायका त्या बाजूनं जात नव्हत्या. पुरुष जात नाही असं दाखवून जात होते.

जत्रेनंतर दोन दिवसांनी गिरणी चालू असताना ह्यांनी बल्बकडं बघितलं आणि माझ्या कानाशी आले.

"एक चूर्ण आणलंय. दुधातनं घ्यायचं. तासभर आधी."

"कसलं चूर्ण? कुठनं आणलं?"

"झाडपाल्याचं आहे. औषध नव्हे. काही अपाय नाही म्हणाला तो."

रात्री मी दूध तापवून दिलं. आणि ते लागू पडलं.

मी खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नवरा परत मिळाला. अंगापेक्षा तो माणूस परत मिळाला, ते जास्त होतं. गिरणीच्या दगडाला टाकी लावताना हे गायला लागले. आवाज फाटका, पण गायला लागले. तालुक्याला गेले की माझ्यासाठी भडंगाचा पुडा आणायचे, मला तिखट आवडतं म्हणून. प्रल्हादनं थट्टा केली की उलट त्याचीच करायचे. आत्याबाई गल्लीभर सांगत सुटल्या, की माझ्या लाडवांनी पोराचा अशक्तपणा पळाला. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसायचो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातपण आम्ही असे हसलो नव्हतो.

ते सुख पुढच्या पिकापर्यंतही टिकलं नाही.

गुरुवारी आमच्याकडं दिवसभर लाइट नसायची, गिरणी बंद. अशाच एका गुरुवारी आत्याबाई बारशाला गेल्या होत्या. दुपारी ह्यांनी दूध मागितलं. मी दिलं. पुढचं सांगायचं कारण नाही. नंतर ते उठून बसले आणि छातीवर हात ठेवला.

"शालन, छातीवर कुणीतरी पोतं ठेवलंय."

मला वाटलं थट्टा करतायत. मग त्यांचं कपाळ बघितलं. घाम नुसता गळत होता.

प्रल्हादनं जीप काढली. आत्याबाई बारशातनं धावत आल्या, त्यांच्याबरोबर कमलकाकू. कुणाला उतरा म्हणायला वेळ नव्हता. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर, आत्याबाई त्यांचे पाय चोळत होत्या, काकू देवाचं नाव घेत होत्या. तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते, मगदूम म्हणून. नवीनच आलेले. त्यांनी छातीला वायरी लावल्या, निघालेली पट्टी हातात धरून बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ह्यांना आधीपासून काही त्रास?"

"अशक्तपणा," आत्याबाई म्हणाल्या. "वर्ष झालं."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"एकपण नाही," मी म्हणाले. आणि ते खरं होतं. गोळी एकही नव्हती.

डॉक्टरांनी ह्यांच्याकडं बघितलं. मग आत्याबाईंच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं. तेवढ्यात त्यांनी शब्द बदलला असावा, असं मला आता वाटतं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "ताकदीचं वगैरे काही घेतात का?"

"घेतो की," आत्याबाई म्हणाल्या. "डिंकाचे लाडू. मी स्वतः वळते. आणि रोज दोन अंडी."

"शिंत्रे डॉक्टरांनी सलाईन पण लावलं होतं," कमलकाकू म्हणाल्या.

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

त्या वेळी आमच्या ह्यांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मला पाठ होती. लाइट गेली त्या दिवसाची. विहिरीतनं वर बघणाऱ्या माणसाची. सावर, असं म्हणत होते ते. माझ्या जिभेवर चूर्ण आलं होतं, अगदी टोकावर. पण चूर्ण म्हणजे झाडपाला, औषध नव्हे. आणि शेजारी त्यांची आई उभी. भाऊ उभा. काकू उभ्या. जन्मात पहिल्यांदा माझी जीभ डोक्याच्या मागं राहिली.

"बाकी काही नाही," मी म्हणाले.

सिस्टरनं त्यांच्या जिभेखाली एक बारकी गोळी ठेवली. छातीतल्या कळेवर देतात ती. आता प्रत्येकाच्या खिशात असते.

थोडाच वेळ गेला असेल. ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, ओठ राखेसारखे झाले. सिस्टर हातातला फुगा दाबत ओरडली, "सर, बीपी लागतच नाही." मग पळापळ. पाय वर उचलले, दोन्ही हातांना बाटल्या लावल्या. मला बाहेर काढत होते, मी खाटेची कड सोडली नाही.

ह्यांनी डोळे उघडले. वर ट्यूब लख्ख चालू होती.

"शालन," ते म्हणाले, "लाइट गेली काय गं?"

"हो," मी म्हणाले. "येईल एवढ्यात."

ते शेवटचं.

तेराव्यापर्यंत घरात माणसं येत होती आणि आत्याबाई प्रत्येकाला सांगत होत्या, "अशक्तपणा होताच त्याला. आतनं पोखरला होता. मला कळलं नाही." ती माउली त्या लाडवांचा उरलेला डबा उघडून त्यात बघत बसायची. मी काय सांगणार होते तिला. तिच्यापाशी निदान एक शब्द होता धरून बसायला.

ह्यांची बंडी धुवायला घेतली तेव्हा खिशात चूर्णाची पुडी निघाली. मी ती पदराला बांधली आणि कुणाला न सांगता एसटीनं मगदूम डॉक्टरांकडं गेले. पुडी टेबलावर ठेवली.

"हे घेत होते. त्या दुपारीही घेतलं होतं."

डॉक्टरांनी ती हातात घेतली, वास घेतला, चिमूट बोटांवर चोळली. मग पुडी परत नीट मिटून ठेवली.

"बाई, ह्यात नुसता झाडपाला नसतो. ह्या प्रकारच्या चूर्णात बऱ्याचदा इंग्रजी गोळी कुटून घातलेली असते. त्याशिवाय एवढ्या लवकर गुण येत नाही. ती गोळी वाईट नाही. मी पण लिहून देतो. पण ती पोटात असताना जिभेखालची दिली, तर रक्तदाब एकदम कोसळतो. म्हणून मी विचारत होतो."

"तुम्ही ताकदीचं विचारलंत."

"हो," ते म्हणाले. "त्यांच्या आई उभ्या होत्या. मला सरळ विचारता आलं नाही."

मला त्या पोराचा राग येईना. माझ्या लेकीपेक्षा थोडाच मोठा.

"म्हणजे सांगितलं असतं तर वाचले असते?"

"झटका मोठा होता. ती गोळी न देता दुसरा उपचार केला असता. वाचले असते की नाही, ते सांगता येत नाही."

ते सांगता येत नाही, एवढंच माझ्या वाट्याला आलं. आजपर्यंत तेच आहे.

मी उठले, तशी त्यांनी पुन्हा बसवलं. त्यांना कुणाला तरी सांगायचंच होतं बहुतेक.

"त्यांना तो त्रास वर्षभर तरी होता ना? बाई, तिथल्या रक्ताच्या नळ्या फार बारीक असतात. हृदयाच्या त्या मानानं जाड. नळ्या चोंदायला लागल्या, की आधी बारकी चोंदते. कित्येकदा हृदयाचं दुखणं उघड व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी माणसाला हा त्रास सुरू होतो. साखरेनं होतो, बीपीनं होतो, बिडीनं होतो, कधी नुसत्या काळजीनं होतो. लाजण्यासारखं त्यात काही नाही, चाळिशीनंतर घरोघर आहे. ते माझ्याकडं हे घेऊन आले असते, तर मी आधी छाती तपासली असती. साखर बघितली असती. बिडी सोडायला लावली असती. हृदयाला झेपतंय असं दिसलं, तर तीच गोळी मोजून दिली असती. ज्यांना झेपत नाही त्यांना दुसरे उपाय आहेत. बरीच माणसं बरी होतात."

"म्हणजे ते अंगानं सांगितलेलं होतं."

"हो. अंग आधीच सांगत होतं."

आणि आमच्या ह्यांनी तर ते ओरडून सांगितलं होतं. ऐकलं मी. ऐकून त्याला दुसरं नाव दिलं.

मी परत आले. गिरणी चालू ठेवली. काय करणार, लोकांच्या पोटाला पीठ लागतंच आणि माझ्याही लागत होतं. आत्याबाई गेल्या, लेकीचं लग्न झालं. लाइट आता पूर्वीसारखी जात नाही. पण अजूनही मी कुणाशी काही बोलायच्या आधी माझी मान आपोआप वर बल्बकडं जाते आणि मग आठवतं, की आता माझ्या कानाशी येणारं कोणी नाही.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. गिरणी जोरात चालू होती. प्रल्हाद पोतं वर ओतायला आला. आता त्याचं वय ह्यांच्या तेव्हाच्या वयाएवढं झालंय. कमलकाकू कोपऱ्यात डबा घेऊन बसलेल्या, पार वाकून गेल्यात. रंजना पीठ भरत होती. प्रल्हादनं पोतं अर्ध्यातच खाली ठेवलं आणि ओरडून म्हणाला, "वहिनी, हल्ली जरा अशक्तपणा वाटतोय. आईचे ते डिंकाचे लाडू तुम्हाला येतात का?"

मी हात लांब केला आणि खटका खाली ओढला.

दगड घरघरत थांबला. कमलकाकूंनी मान वर केली. बाहेरच्या कट्ट्यावर बसलेल्या दोघी बायका गप्प झाल्या. गप्प होऊ देत.

"कुठला अशक्तपणा?" मी विचारलं.

"कुठला म्हणजे? अशक्तपणा. थकवा हो."

"प्रल्हाद, तुझ्या भावालाही अशक्तपणाच होता. ते नाव मी ठेवलं होतं त्याला. पोत्याचं काही नव्हतं. बायकोजवळ जायला होत नव्हतं त्यांना, आणि ते आम्ही कुणालाच सांगितलं नाही. हृदयानं आधी दिलेली सूचना होती ती. आता सांग. कुठला?"

 तो पिठानं पांढरा झालेला होताच. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. रंजनाकडं बघितलं.

ती नजर मी कुठंही ओळखीन.

"रंजना," मी म्हणाले, "त्याच्याकडं बघू नकोस. माझ्याकडं बघ."

प्रल्हाद वळला आणि पायतानं न घालताच बाहेर पडला. रंजनाच्या हातात पिठाचं माप तसंच होतं. तिनं एकदा दाराकडं बघितलं, एकदा कमलकाकूंकडं.

"दोन वर्षं झाली, अक्का," ती म्हणाली. गिरणी बंद होती, सगळ्यांना ऐकू गेलं.